गिऱ्हाईक नकोत, भिडू हवेत : कोल्हापुरातल्या एका प्रवासी गटाच्या नोंदी

२५ मे २०२५

कोल्हापुरात फिरणाऱ्यांची कमी नाही. जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत निघणारे आहेत, आषाढात वारीला जाणारे आहेत, बुलेटवर लेह गाठणारे आहेत, मनात आलं की घाट उतरून मालवणला मासे खाऊन येणारे आहेत. वर्षातून एकदा बालाजी तर घरटी आहेच. पण प्रत्येक जण आपापल्या गोतात फिरतो. तालमीची पोरं तालमीबरोबर, ऑफिसवाले ऑफिसबरोबर, घरचे घरच्यांबरोबर. ज्याच्या गोतात फिरायची हौस असलेलं दुसरं माणूसच नाही, तो एक तर टूरवाल्याकडे पैसे भरतो, नाहीतर घरी बसून दुसऱ्यांचे फोटो बघतो. असे सुटे लोक शोधायचे आणि एकमेकांना भेटवायचे, एवढंच आमचं काम.

सध्या आम्ही तिघं आहोत. मी राजारामपुरीत राहते, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेले काका आमचे जुने शेजारी. शाहूपुरीच्या वहिनी बँकेत आहेत. त्यांच्याकडे नकाशे आहेत, याद्या आहेत, सगळं आहे. सोबत तेवढी नाही.

पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे आज काकांच्या वर्कशॉपमध्येच बसलो. फार काही ठरवलं नाही. महिन्याचा दुसरा रविवार, जागा रंकाळा. सहल असो नसो, बैठक होणार. नाव ठेवायचं नाही. वहिनींना लोगो करायचा होता, काकांनी हाणून पाडला. ‘लोगो आला की टी-शर्ट येतोय, टी-शर्ट आला की वर्गणी येत्या.’

८ जून

अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. पावसानं दोनदा उठवलं, तरी टिकले.

पहिल्या अर्ध्या तासात तोच प्रश्न चारी बाजूंनी आला. ‘मॅडम, पुढची ट्रिप कधी?’ ‘पर हेड किती?’ एकानं तर गूगल पे काढून हातातच धरलं होतं. बिचाऱ्याचा दोष नाही. प्रवास म्हणजे कुणीतरी काढलेली ट्रिप, हेच सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं, आज पैसे नाहीत आणि ट्रिपही नाही. आज प्रत्येकानं आपला एक प्रवास सांगायचा, फोटो न दाखवता. फोटोची बंदी महत्त्वाची. फोन फिरायला लागला की माणूस बोलायचा थांबतो आणि समोरचा नुसता ‘भारी, भारी’ करत बसतो.

लेह सांगणारे तिघं निघाले आणि तिन्ही लेह एकसारखे. मग एसटीचे एक निवृत्त वाहक उठले. इथून पुढं नोंदीत त्यांना मास्तर म्हणेन, सगळे म्हणतातच. पिशवीतून त्यांनी जुना तिकिटांचा ट्रे आणि पंच काढला आणि बोटांत नुसता वाजवला. कट्ट्यावर पलीकडे भेळ खात बसलेल्या बायकासुद्धा वळल्या. तो आवाज ऐकून कितीतरी वर्षं झाली असतील.

त्यांनी सिरोंचाचा प्रवास सांगितला. कोल्हापूर हे राज्याचं एक टोक, सिरोंचा दुसरं. तिथं प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणा. सगळा प्रवास लाल गाडीनं, स्टँडवर उतरत, गाडी बदलत. कुठल्या स्टँडवरचं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, कुठल्या आगाराचा कंट्रोलर विचारलेल्याचं नीट उत्तर देतो, रात्री बाकावर आडवं व्हायचं तर पिशवी डोक्याखाली घ्यायची की पायाखाली, असली माहिती. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना १९८८पासून चालू आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास मिळतो. हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. लेहवाल्यांपैकी एकानं वही मागून लिहून घेतलं.

मास्तर नेमाने येणार असतील तर मी बाकीचं सगळं सोडायला तयार आहे.

२२ जून

माणसं शोधायची कुठं, यावर वहिनींशी वाद. त्यांचं म्हणणं इन्स्टावर रील टाका. रीलनं गर्दी येते हे मला मान्य आहे. पण गर्दीतून आपल्या कामाची माणसं निवडत बसायचं काम माझ्याकडेच येणार.

म्हणून उलटीकडून विचार केला. फिरणारा माणूस प्रवासाआधी कुठं कुठं जातो? सायकल दुरुस्तीवाल्याकडे, बॅगेची चेन बसवणाऱ्याकडे, पासपोर्ट साइज फोटो काढायला, मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर. वाचणारा असेल तर वाचनालयात. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आहे, तिथं प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी रेंगाळणारा माणूस म्हणजे निम्मं काम झालं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या केल्या: ‘फिरायची आवड आहे आणि सोबत नाही? महिन्याचा दुसरा रविवार, रंकाळा.’ खाली वहिनींचा नंबर.

आठवड्यात फोन आले त्यांत सायकलवाल्याकडची चिठ्ठी वाचून आलेले सगळ्यांत पक्के वाटले. फोटो स्टुडिओतून एकही नाही. आणि ज्याचा विचारच केला नव्हता तिथून सगळ्यात जास्त बायका आल्या: वहिनींच्या भिशीतून. भिशीला बसणाऱ्या बायकांचं गणित साधं असतं. पैसे वेळेवर, माणसं ओळखीची, कोण बोलतं आणि कोण करतं हे आधीच तपासलेलं. काकांना हे पटायला वेळ लागला. ‘भिशीतल्या बायका डोंगर चढणार हाईत?’ असं म्हणाले. पुढच्या नोंदींत कधीतरी उत्तर मिळेलच.

१३ जुलै

आज बैठक कसली, नुसता जल्लोष. परवा पॅरिसमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात आपला पन्हाळा आहे. वर आजची तारीख १३ जुलै. १६६०च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री निसटले, विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, ते हेच दिवस. आमच्यातले काही जण कालपासून त्याच वाटेवर चालतायत, मसाई पठार ओलांडून. त्यांना रेंज नाही, त्यामुळे बातमी तिकडे उशिरा पोहोचणार.

मग कुणीतरी म्हणालं, बारापैकी बारा करायचे. लगेच दुसऱ्यानं कागदावर यादी काढली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. आणि तिथूनच मला शंका यायला लागली. यादी झाली की लोक किल्ला बघत नाहीत, टिक करतात. पन्हाळ्याचंच उदाहरण घ्या. या कट्ट्यावरची निम्मी माणसं वर्षातून दोन-तीनदा पन्हाळ्यावर जातात. मी विचारलं, अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती यांपैकी सगळ्यात मोठं कोठार कुठलं? गप्प. सगळ्यांना झुणका-भाकरी कुठं चांगली मिळते तेवढं माहीत होतं.

शेवटी मास्तरांनी तोडगा काढला आणि तोच आता नियम झाला. जो किल्ला सुचवेल त्यानं तो काढायचा: गाडी, जेवण, वेळापत्रक, तिथला अभ्यास, सगळं त्याचं. सुचवणाऱ्यांचे हात एकदम कमी झाले. बारावी सायन्सच्या एका मुलीनं मात्र जिंजीसमोर स्वतःचं नाव लिहिलं. काका म्हणाले, ‘पोरी, सगळ्यात लांबचा घेतलास.’ ती म्हणाली, ‘लांबचा हाय म्हणूनच घेतला की.’

२७ जुलै

गगनबावडा. पावसाचं माहेर, जुलैत गेलं तर दिसत काहीच नाही, सगळं ऐकावं लागतं. पण सगळ्यांना पावसाळी सहल हवीच होती, आणि धबधब्यांच्या खाली जायचं नाही यावर आम्ही ठाम होतो. प्रशासनाची बंदी असो नसो, सुट्टीच्या दिवशी धबधब्यावर पाण्यापेक्षा माणसंच जास्त.

आजची नोंद सहलीची नाही, एका वाक्याची आहे. निघताना एक नवे सद्गृहस्थ म्हणाले, ‘नाश्ता त्यातच हाय न्हवं?’ कशात? कुणीच कुणाला काही विकलं नव्हतं. गाडीभाडं भागिले माणसं, एवढाच हिशोब. तरी दिवसभर तेच. गाडी उशिरा आली तर माझ्याकडे बघणार, धुकं असलं तरी माझ्याकडे बघणार. परतीला एकानं ‘फीडबॅक’ दिला की गगनगडावर अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता. मी त्याला म्हटलं, दादा, मग थांबायचं होतंत की, कोण नको म्हणालं होतं?

रात्री तिघांनी बसून काढलेला निष्कर्ष असा, की एकानं सगळं केलं की उरलेले आपोआप गिऱ्हाईक होतात. ते वाईट असतात म्हणून नाही. त्यांना करायला काही ठेवलेलंच नसतं. तेव्हा यापुढं गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे एक काम. हिशोब एकाकडे, औषधाची पिशवी एकाकडे, रस्ता विचारणं एकाकडे, सगळ्यांच्या मागून चालणं एकाकडे. ‘मला काही येत नाही’ म्हणणाऱ्याकडे कचऱ्याची पिशवी. हे काम सगळ्यांना येतं.

हिशोब त्याच रात्री ग्रुपवर. उरलेले पैसे त्याच रात्री परत. चार रुपये उरले तरी परत. वहिनी बँकेतल्या असल्यामुळे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

१० ऑगस्ट

बैठकीची वेळ बदलली. संध्याकाळी सात ही वेळ पुरुषांना सोयीची. बायकांना तेव्हा स्वयंपाक असतो आणि रंकाळ्यावरून एकटीनं घरी जाणं असतं. आता सकाळी साडेसात, रंकाळ्याची फेरी झाल्यावर. आज बायका निम्म्याहून जास्त. पुरुषांपैकी तिघांनी रविवारी एवढ्या सकाळी उठवत नाही म्हणून कळवलं. ठीक आहे.

एसटीत बायकांना २०२३च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे. भिशीतल्या बायकांनी ते लगेच हिशोबात धरलं: खासगी गाडी कशाला, लाल गाडीनं जाऊ, निम्म्यात होतंय. मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी पुढच्या बैठकीला सगळ्या घाटांतल्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवायचं कबूल केलं.

२१ ऑगस्ट

पंचगंगेचं पाणी चढतंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरांनासुद्धा पाढ्यासारखे येतात. दर तासाला ग्रुपवर कुणीतरी पातळी टाकतंय. फिरायचे सगळे बेत बंद.

आपल्यातल्या एका ताईंचं घर बापट कॅम्पला, घरचा धंदा गणपतीचा. चतुर्थी सहा दिवसांवर. खबरदारी म्हणून मूर्ती उंचावर हलवायच्या होत्या. त्यांनी मदत मागितली नव्हती, नुसतं ‘आज बैठकीचं काम होणार नाही, मूर्ती हलवतोय’ एवढंच लिहिलं. तासाभरात आमच्यातली माणसं तिथं. रंग ओला असलेली मूर्ती उचलायची कशी हे त्यांच्या सासूबाईंनी दाखवलं: हात पाटाखाली, मूर्तीला छातीचा स्पर्शही नको, आणि चालताना बोलायचं नाही. लेहवाला बुलेटस्वार दोन तास एक शब्द न बोलता चालत होता. हे मी स्वतः पाहिलं.

आमच्यातले वकीलसाहेब येऊ शकले नाहीत. सोमवारी कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून ते जमिनीवर नाहीत.

१४ सप्टेंबर

मसाई पठार. वेळापत्रक भिशीच्या बायकांनी केलं, त्यामुळे सगळं वेळेच्या आधी झालं. काकांना चढावर दम लागला. मागून चालायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या ताईंनी वळून विचारलं, ‘काय काका, डोंगर चढणार हाईत न्हवं तुमी?’ जूनमधलं वाक्य कुणी त्यांच्यापर्यंत पोहोचवलं, देव जाणे.

पठार जांभ्याचं. पावसाळ्यात त्या सड्यावर माती इतकी पातळ साठते की मोठं झाड उभंच राहू शकत नाही. म्हणून फुलं आहेत. ओल्या जागी सीतेची आसवं निळ्या ठिपक्यांसारखी पसरली होती. आमच्याबरोबर एक सातवीतली मुलगी होती, तिच्याकडे भिंग. सगळे तिच्याभोवती गुडघ्यावर बसलो. हे झाड किडे खातं. मातीत, ओलीत त्याच्या बारक्या पिशव्या असतात, सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी उघडते आणि पाण्यासकट त्याला आत ओढते. अशा मातीत अन्न कमी, म्हणून ही सोय. मी हे वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलेय, पण बँकेतल्या वहिनींना, मास्तरांना आणि लेथवाल्या काकांना एकाच भिंगातून आळीपाळीनं बघताना बघून वेगळंच वाटलं.

बाजूला एक गाडी थेट सड्यावर चढवून लोक फुलांत लोळून फोटो काढत होते. बोलायला गेलो. त्यांतले दोघं आता आमच्या यादीत आहेत. एक जण शिव्या देऊन गेला.

पांडवदऱ्याची लेणी वेळेअभावी राहिली.

१२ ऑक्टोबर

प्रवास भिशी सुरू. कल्पना अर्थातच बायकांची. आवड सगळ्यांना आहे, पण एकदम दहा-बारा हजार काढणं जमत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. पुरुषांना ते कबूल करायला कसंतरी होत होतं.

बारा जण, महिना १,००० रुपये, दर महिन्याला चिठ्ठी. ज्याला लागेल त्यानं ते पैसे प्रवासावरच खर्च करायचे आणि परतल्यावर दुसऱ्या रविवारी येऊन सांगायचं. आकडा असाच का, तर वकीलसाहेब. १९८२चा चिट फंड कायदा १८,००० रुपयांपर्यंतच्या भिशीला लागू होत नाही. आधी ती मर्यादा १०० रुपये होती, २०१९च्या दुरुस्तीत वाढली. आपली बारा हजारांची, आत बसते. दुसरी भिशी काढायची नाही अशी तंबीही त्यांनी दिली, कारण एकाच माणसानं चालवलेल्या भिशींची बेरीज धरतात.

त्यांनाच संस्था नोंदवण्याबद्दल विचारलं. सात माणसं, १८६०चा कायदा, वर धर्मादाय आयुक्तांकडे १९५०च्या कायद्याखाली नोंद, मग दरवर्षी हिशोब तपासणी, बदल अर्ज. ‘तुमच्याकडे बँक खात्यात ठेवण्यासारखं काय आहे?’ काही नाही. ‘मग कशाला?’ विषय संपला. दोघा-तिघांचा हिरमोड झाला, त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं बहुतेक.

पहिली चिठ्ठी सायकलवाल्याकडून आलेल्या एका पोराला लागली. त्याला एकट्यानं रेल्वेनं गोंदियापर्यंत जायचंय, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं, इथून सुटते आणि अख्खं राज्य ओलांडते. खिडकीतून बघत जाणार, उतरणार, परत येणार. काही जण हसले. मास्तर हसले नाहीत.

२ नोव्हेंबर

दिवाळीत बेळगावहून एक जोडपं आलं होतं, तेही असंच फिरणारं. आपल्या एका ताईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. लॉजचे पैसे वाचले हा भाग सोडा. दोघांना पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध, दुपारी टाउन हॉलचं म्युझियम, रात्री घरचा पांढरा रस्सा. कुठल्या टूरवाल्यानं हे दाखवलं असतं?

यावरून मुक्काम वही काढायचं ठरतंय. ज्याच्या घरी जागा आहे त्यानं नाव लिहायचं. दुसऱ्या गावातल्या आपल्यासारख्यांना तिथं राहता येईल, आपण त्यांच्या गावी. जगात हे जुनंच आहे. बॉब लुइटवाइलर नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९मध्ये डेन्मार्कमध्ये ‘सर्वास’ सुरू केलं, ते अजून चालू आहे: पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, मुक्काम साधारण दोन रात्री, आणि सदस्य होण्याआधी मुलाखत. त्याच्याही आधी, १९०९मध्ये, रिचर्ड शिरमान हा जर्मन शाळामास्तर मुलांना घेऊन पायी निघाला असताना वादळात सापडला आणि एका शाळेत रात्र काढली. युथ हॉस्टेलची कल्पना त्याला तिथं सुचली. मला शिरमान जास्त जवळचा, कारण उघड आहे. सुट्टीत आपल्याही शाळा रिकाम्याच असतात, पण ते पुढचं.

मुलाखतीची आणि दोन रात्रींची अट उचलली. पाहुणा कुणीतरी ओळखीचा, हमी देणारा हवा. घरातल्या बाईचा होकार आधी, पुरुषाचा नंतर. ही अट वहिनींनी घातली, आणि रास्त आहे, कारण पांढरा रस्सा आपोआप होत नाही. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन द्यावी लागते, घरी ठेवला तरीसुद्धा. तेव्हा परदेशी नको, असं सध्या ठरलं.

१६ नोव्हेंबर

खिद्रापूर. त्रिपुरी पौर्णिमेला जायचा आग्रह खूप जणांचा होता. स्वर्गमंडपाच्या वरच्या गोल झरोक्यातून चांदणं खाली येतं, ते बघायला. पण त्या रात्री तिथं मुंगीला शिरायला वाव नसतो. मुद्दाम नंतरचा रविवार घेतला. कोल्हापूर ते कुरुंदवाड लाल गाडी, पुढं वडापची जीप. आयोजन दोन कॉलेजच्या पोरांचं, आम्ही तिघं फक्त प्रवासी. माझ्याकडे औषधाची पिशवी, काकांकडे कचरा.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत शिरायच्या आधीच स्वर्गमंडप, ४८ खांबांचा, मधोमध आकाश उघडं आणि त्याच्या बरोबर खाली एकसंध गोल शिळा. समोर नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे यडूरला आहे असं गावकरी सांगतात. पोरांनी तयारी चांगली केली होती, पण वाचून दाखवायला लागले तसे लोक पांगले.

तेवढ्यात काका एका खांबापाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवला आणि खांबाच्या गोल कडेवरून तळहात फिरवायला लागले. एक कडा, दुसरी कडा. मग खिशातली किल्ली काढली आणि दोन कड्यांमधल्या खाचेत दगडाला न लावता नुसती धरली, सगळ्या बाजूंनी. ‘हे छिन्नीनं एकट्यानं न्हाई व्हायचं. हे फिरवून काढलंय. खाच बघा, सगळीकडनं सारखी हाय.’ चाळीस वर्षं लेथवर लोखंड फिरवलेला माणूस. एवढा मोठा दगड उभा फिरवला की आडवा, फिरवणारा कोण, बैल की माणसं, हत्यार कसलं, धार किती वेळानं लावावी लागत असेल. पांगलेले सगळे परत आले. पोरांनी आपले कागद खिशात घातले. बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती बघायला मग उशीरच झाला, तरी कुणी कुरकुर केली नाही.

परतीला नृसिंहवाडी, कवठाची बर्फी. हिशोबात बर्फी धरायची की नाही यावर कोल्हापूर येईपर्यंत भांडण. धरली नाही.

१४ डिसेंबर

आज बैठकीत फक्त जिंजी. ती बारावीची मुलगी जुलैपासून गप्प बसली नव्हती. फाइल घेऊन आली. हरिप्रिया एक्स्प्रेसनं इथून तिरुपती, तिथून काटपाडी, वेल्लोरमार्गे तिरुवण्णामलै, तिथून जिंजी चाळीसेक किलोमीटर बसनं. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी हे तीन डोंगर मिळून एक किल्ला. राजाराम महाराज १६८९मध्ये तिथं पोहोचले, मुघलांनी वेढा घातला आणि १६९८मध्ये किल्ला पडला. ‘आठ वर्षं वेढा चालला आणि आपण तिथं दोन तास थांबणार? दोन दिवस तरी पाहिजेत,’ असं तिचं म्हणणं.

तिनं तारीख धरली होती १३ फेब्रुवारी. मास्तरांनी कॅलेंडर मागितलं आणि बोट ठेवलं: १५ला महाशिवरात्र. तिरुवण्णामलैला अरुणाचलेश्वर, त्या दिवशी तिथं खोली तर सोडाच, उभं राहायला मिळणार नाही. २० फेब्रुवारी केली. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणजे २२ डिसेंबर, सकाळी आठ.

मग मोठा प्रश्न. तिरुपतीला उतरायचं आणि दर्शन न घेता पुढं जायचं? भिशीच्या बायका एका बाजूला. तिरुपतीहून दर नवरात्रात अंबाबाईला शालू येतो आणि आपण त्यांच्या दारावरून तसंच पुढं जायचं, हे त्यांना पटणं शक्य नाही. पोरं दुसऱ्या बाजूला, त्यांना किल्ला. तासभर चाललं. शेवटी दोन तुकड्या: एक दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी येणार, दुसरी थेट. जिंजीला एकत्र.

फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा आहे. म्हणजे मला सुपरव्हिजन. मी जाणार नाही. आणि त्या मुलीचा स्वतःचा पेपर? ती कधीच म्हणाली होती, ‘मी फक्त काढणार, जाणार न्हाई. सुचवलेला किल्ला काढायचा असा नियम हाय, जायाचाच असा कुठं हाय?’ वकीलसाहेबांनी नियम बघितला. तसा नाहीये.

२२ डिसेंबर

आठ वाजता सहा जण सहा फोनवर. बहुतेक सीट पक्क्या, मास्तरांचं आणि काकांचं वेटिंगवर. मास्तर म्हणतात काळजी नको, नाहीच झालं तर लाल गाडीनं येतो, बदलत बदलत. तिरुपतीपर्यंत किती गाड्या बदलाव्या लागतील ते त्यांनी कागदावर काढायलाही घेतलंय.

बाकी काम: तिरुवण्णामलैत दोन रात्रींची खोली, तमिळ येणारं कुणी ओळखीचं बघणं, राजगिरी ऊन चढायच्या आत चढायची म्हणून पहिली बस किती वाजता ते विचारणं. दर्शनाच्या तुकडीचं बुकिंग वहिनींकडे. भडंग प्रत्येकानं आपापलं.